मागच्या अंगणात सावली आहे, ओल आहे, तरी फर्न उन्हाळ्यात का जळतो?

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला आहे. घराच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये साधारण दहा फुटांची पट्टी आहे. वर निंबाचं जुनं झाड, एका टोकाला धुण्याचा दगड, त्यामुळे जागा बाराही महिने सावलीत आणि ओलसर. त्यांच्या बहिणीने अमेरिकेतून ख्रिसमस फर्नचे फोटो पाठवले, बर्फात उभा असूनही हिरवागार. शिवाय श्रावणात सातपुड्यातल्या मनुदेवीला गेल्यावर ओढ्याकाठचे नेचे, म्हणजे रानातले फर्न, पाहिले. तेव्हापासून आपल्याही घरामागे असा बारमाही हिरवा फर्न असावा असं त्यांच्या मनात आहे. दोन वेळा नर्सरीतून रोपं आणून लावली. दोन्ही वेळा पावसाळा-हिवाळा छान गेला आणि एप्रिलमध्ये पानं कुरकुरीत झाली. ‘पाणी कमी पडतंय, वाढवा’ असा सल्ला मिळाला. पाणी वाढवलं तर झाड बुडातून सडलं. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि त्या विचारतात, चुकतंय काय, आणि आत्ता पुन्हा लावू का?

ताई, जागेची निवड तुम्ही चांगली केली आहे. सावली आणि जमिनीतली ओल या दोन गोष्टी फर्नला लागतात हे खरं. पण आपल्या भागात फर्न जातो तो या दोन गोष्टींच्या अभावाने क्वचितच. तो जातो हवेमुळे. वर पानांभोवती जी हवा असते ती एप्रिल-मेमध्ये फार कोरडी होते, आणि खाली काळ्या मातीत मुळांना हवाच मिळत नाही. पाणी वाढवलं की वरचा प्रश्न सुटत नाही आणि खालचा वाढतो. तुमच्याकडे दोन्ही वेळा हेच झालेलं दिसतंय. मी जळगाव-भुसावळकडच्या बऱ्याच बागांतून फर्न लावले आणि सांभाळले आहेत, त्यावरून हे सांगतोय. अर्थात तुमची जागा मी पाहिलेली नाही. भिंतीला पश्चिमेचं ऊन किती लागतं, बोअरचं पाणी किती जड आहे, निंबाच्या मुळ्या कुठवर आल्या आहेत, यावर पुढचं काही कमी-जास्त होईल. तिथे तिथे ते सांगेन.

आधी तुमच्या दोन आवडत्या झाडांबद्दल. ख्रिसमस फर्न हा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतला, कॅनडापासून खाली फ्लोरिडापर्यंत आढळणारा नेचा. त्याची पानं जाड, चामड्यासारखी, थंडीतही हिरवी राहतात, म्हणून ते नाव. तिथल्या दक्षिण भागात उन्हाळा कडक असतो, पण दमट असतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. थंडी सोसण्याचं त्याचं कसब इथे काही कामाचं नाही. तिकडून रोपं मागवण्याच्या खर्चात पडू नका.

मनुदेवीचे नेचे तर आपलेच, पण ते बारमाही हिरवे नसतात. पावसाळ्यात सातपुड्याच्या खडकांवर जे नाजूक नेचे फुटतात, त्यातले बहुतेक पाऊस ओसरला की पिवळे पडतात आणि उन्हाळ्यात जमिनीखाली नुसता कंद किंवा खोड राखून झोपून जातात. म्हणजे इथल्या नेच्यांनी उन्हाळ्यावर शोधलेला उपाय म्हणजे उन्हाळ्यात पानच न ठेवणं. म्हणून खान्देशात वर्षभर हिरवा फर्न हवा असेल तर त्याला उन्हाळ्यात माणसाची मदत लागणारच, हे आधीच मनाशी धरा. तिथून रोपं उपटूनही आणू नका. अभयारण्याच्या हद्दीतून झाडं उचलायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि खडकाच्या फटीतून ओढून काढलेला नेचा घरी फारसा तगतही नाही.

आता हवेचं. हे नीट समजलं की बाकीचं आपोआप सुचत जाईल. आंबा, निंब यांच्या खोडात पाणी वर चढवायला रुंद नळ्या असतात. नेचे त्यांच्या फार आधी पृथ्वीवर आलेली झाडं. बहुतेक नेच्यांत त्या रुंद नळ्या नसतात, बारीक, अरुंद पेशींतून पाणी झिरपत वर जातं. दमट हवेत एवढं पुरतं. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता पश्चिमेकडून झळा सुरू झाल्या की पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने खालून पोचू शकत नाही. मुळं चिखलात उभी असली तरी पानाची कड वाळते. म्हणून तुम्हाला ओल्या मातीत कुरकुरीत पानं दिसली. त्या वेळी पाणी वाढवून काही मिळत नाही. वारा अडवणं आणि भोवतालची हवा ओली करणं एवढंच हातात असतं.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवं नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहा. पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ असते, ती नसेल तर हिरवी नेट बांधलेली असते. ठिबक रोज चालू असूनही ही ओळ लागतेच, कारण उष्ण वाऱ्याने केळीचं पान फाटतं आणि करपतं. फर्नला हाच बंदोबस्त लहान प्रमाणात करायचा आहे. तुमची पट्टी बोळासारखी आहे असं वर्णनावरून वाटतं. अशा बोळात पश्चिमेचं तोंड उघडं असेल तर वारा आणखी जोराने घुसतो. ते तोंड आधी बंद करा. कायमचा उपाय म्हणजे तिथे अडुळसा किंवा कामिनीची दाट कुंपणओळ. ती वाढेपर्यंत बांबूच्या ताट्याला किंवा लोखंडी चौकटीला पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांची शेडनेट ताणून बांधा. एप्रिल-मेमध्ये त्या नेटवर गोणपाट सोडा आणि दुपारी दोन-तीन वेळा त्यावर पाणी मारा. वाळ्याच्या ताट्यातून येणारी हवा जशी गार होते तशी ही होते.

निंबाची एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. निंबाची सावली बाराही महिने सारखी नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब पानं गाळतो, आणि नवी पालवी दाट व्हायला एप्रिल उजाडतो. म्हणजे ऊन चढायला लागतं नेमक्या त्याच दिवसांत तुमची सावली विरळ होते. हिवाळ्यात गारव्यात वाढलेलं कोवळं पान अचानक दुपारच्या उन्हात येतं आणि भाजतं. असं भाजलेलं पान ओळखू येतं: कड वाळत नाही, तर पानाच्या मधोमध पांढुरका-तपकिरी चट्टा पडतो. आंब्याखाली हा त्रास नसतो, कारण आंबा एकदम उघडा पडत नाही. तुमच्याकडे निंब आहे, तेव्हा दर वर्षी साधारण पंधरा फेब्रुवारीपासून वाफ्यावर डोक्यापेक्षा उंच अशी शेडनेट ठेवा आणि पाऊस लागला की काढा. भिंतीचंही बघा. सिमेंटची भिंत दुपारी तापली तर रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. तिला पांढरा रंग द्या किंवा मनीप्लांट चढवा. त्यावर चुना मारणार असाल तर तो ओघळून वाफ्यात येणार नाही हे पाहा. आपली माती आधीच चुनखडीची आहे.

आता खालची बाजू. तुम्ही लिहिलंय की जागा धुण्याच्या दगडामुळे ओलसर असते. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. साबणाच्या आणि पावडरीच्या पाण्यात सोडियम असतं. तापीकाठची काळी माती चिकण असते. तिच्यात सोडियम साठत गेलं की मातीचे कण सुटे होऊन फटी बुजवतात, पाणी खाली झिरपत नाही, माती वाळली की दगडासारखी आणि भिजली की गाऱ्यासारखी. अशा मातीत ओल असते पण हवा नसते. खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी करा. फूटभर खोल खड्डा खणा, सायंकाळी पाण्याने भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे थेट जमिनीत फर्न लावायचा विचार सोडून द्या. खणताना निळसर-राखाडी माती निघाली किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चाचणीचीही गरज नाही. धुण्याचं पाणी वेगळ्या पन्हाळीने किंवा पाइपने बाहेर काढा. ते केळीला किंवा कर्दळीला द्या, फर्नला नको.

मग लावायचं कुठे? जमिनीच्या वर. खान्देशातल्या काळ्या मातीत फर्नसाठी मी उंच वाफाच करतो, आणि तुम्हालाही तोच सांगेन. विटा रचून नऊ इंच ते फूटभर उंचीचा, खाली सिमेंट न करता. तळाला दोन-तीन इंच विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम. वर भरायच्या मिश्रणात दोन पाट्या चांगला कुजलेला पालापाचोळा, एक पाटी पोयटा, एक पाटी जाड वाळू, एक पाटी धुतलेलं कोकोपीट आणि अर्धी पाटी जुनं शेणखत. कोकोपीट धुतलेलं हवं, कारण त्याच्यात बऱ्याचदा क्षार असतात. पोत्यात भरून दोन-तीन वेळा पाण्यात बुडवून निथळून घेतलं की झालं. शेणखत हातात घेतलं तर भुगा व्हायला हवा आणि वास येता कामा नये. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी येते, आणि हुमणीने एकदा वाफ्यात घर केलं की मुळं खाऊन टाकते. वाळू नदीची असो की दगडाची, जाड असली पाहिजे. बारीक वाळू चिकणमातीत मिसळली तर उलट घट्ट बसते. काळी माती या मिश्रणात घालू नका, थोडीसुद्धा.

पालापाचोळ्याबद्दल कंजुषी करू नका. जंगलात नेचा वाढतो तो वर्षानुवर्षं साठलेल्या कुजक्या पाल्यात. निंबाचा पाला तुमच्याकडे आयताच पडतो, आंब्याचा आणि सागाचा मिळाला तर आणखी चांगला. या फेब्रुवारी-मार्चची गळ झाडून एका कोपऱ्यात ढीग करा, ओला ठेवा, महिन्यातून एकदा खालवर करा. जूनपर्यंत तो पूर्ण कुजणार नाही, पण आच्छादनाला उपयोगी पडेल आणि पुढच्या वर्षी भरायला तयार होईल. यंदा भरण्यासाठी कुठून तरी तयार पानखत आणावं लागेल. वाफा निंबाच्या बुंध्यापासून तीन-चार फूट दूर ठेवा. बुंध्याला माती लागली तर झाडालाही त्रास. निंबाच्या बारीक मुळ्या या भुसभुशीत, ओल्या वाफ्याचा वास काढत येतातच. वर्षातून एकदा, पाऊस लागल्यावर, झाडाच्या बाजूने वाफ्याच्या कडेला फावडं उभं मारत जा. तेवढ्याने भागतं.

झाड कोणतं? नर्सरीत ‘फर्न’ म्हणून जे मिळतं त्यात मुख्य दोन जवळची भावंडं असतात आणि दोघांना एकच नाव चालतं. एक बोस्टन फर्न, लांब कमानदार पानांचा, टांगत्या कुंडीत फार शोभतो. दुसरा त्याच्याच कुळातला, उभ्या, अरुंद पानांचा, शास्त्रीय नाव नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. तुमच्या जागेसाठी मी दुसरा सांगेन. त्याच्या मुळांवर बोराएवढ्या गोलसर गाठी येतात, त्यात पाणी साठवलेलं असतं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्या साठ्याचा फार आधार होतो. बोस्टनला या गाठी नसतात. विकत घेताना कुंडी उलटी करून मुळं बघा, रोप जुनं असेल तर गाठी दिसतातच. या गाठी पाहून काही जण सूत्रकृमीचा रोग समजून त्या खुडून टाकतात. तसं करू नका. एक सावधगिरी मात्र बाळगा. हा फर्न धावत्या खोडांनी पसरतो, आणि फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशांत तो रानात घुसून उपद्रवी ठरला आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला तेवढी मोकळीक मिळत नाही, तरी वाफ्यातून काढलेले गड्डे नाल्यात किंवा सातपुड्याच्या ओढ्यात फेकू नका.

वाफ्याच्या विटांच्या कडेला टेरिस विट्टाटा नावाचा लांब, शिडीसारख्या पानांचा नेचा लावून बघा. जुन्या चुनेगच्ची भिंतींवर, पुलांच्या कमानींवर तो आपोआप उगवलेला दिसतो. चुना त्याला सोसतो, त्यामुळे आपल्या जड पाण्यातही तो खुशीत असतो. २००१मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा नेचा जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो. म्हणून याची पानं खाण्याच्या किंवा औषधाच्या कामी कधी वापरू नये.

हंसराज या नेच्याचा मोह बहुतेकांना होतो. काळ्या तारेसारखा देठ आणि पंख्यासारखी नाजूक पानं. जुन्या विहिरींच्या आतल्या दगडी बांधकामात तो उगवलेला तुम्ही पाहिला असेल. विहिरीच्या आत वारा नाही, ऊन थेट नाही, खालून सतत दमट हवा येते, दगडाच्या चुन्यातून पाणी पाझरतं. तुमच्या घरी वापरात नसलेली पण पाणी असलेली जुनी विहीर किंवा खोल हौद असेल तर त्याच्या आतल्या कठड्यावर कुंडी ठेवून हंसराज जमेल. उघड्या वाफ्यात मे महिना त्याला झेपत नाही.

आता पाणी, म्हणजे कोणतं पाणी. खान्देशातली बोअरची पाणी बरीचशी जड असतात. मुक्ताईनगरच्या पलीकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्याकडे तर विचारूच नका, पण यावलकडेही खोल बोअरला क्षार लागू शकतात. कृषी विज्ञान केंद्रात माती-पाण्याच्या तपासणीची चौकशी करा, तिथे नाही तर शासनाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत. अहवालात ‘ईसी’, म्हणजे पाण्यात क्षार किती आहेत ते सांगणारा आकडा बघा. ०.७५ च्या आत असेल तर निश्चिंत वापरा. १.५ च्या वर असेल तर फर्नच्या पानांची टोकं तपकिरी होत राहणार, तुम्ही काहीही करा. मधला असेल तर पावसाच्या पाण्यात मिसळून द्या.

पावसाचं पाणी साठवणं हा आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा उपाय आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एवढ्या पावसात ६५,००० लिटर पाणी पडतं. त्यातले चार-पाच ड्रम झाकून, डास जाणार नाहीत असे साठवले तरी लहान वाफ्याला उन्हाळ्यात निम्मं-निम्मं मिसळायला बराच काळ पुरतात. गच्चीचं एक पन्हाळं वाफ्यावरच सोडलं तर पावसाळ्यात साठलेले क्षारही धुऊन निघतात. घरात एसी असेल तर त्याचं ठिबकणारं पाणी बादलीत धरा. ते हवेतल्या वाफेचं पाणी, जवळजवळ क्षाररहित असतं. याच्या नेमकं उलट कूलरचं. कूलरच्या टाकीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, रोज नवं पाणी भरलं की ते वाढत जातात. कूलर धुताना निघालेलं पांढरट पाणी आणि आरओचं टाकाऊ पाणी, दोन्ही फर्नला विषासमान. बादलीभर पाणी वाया जाऊ नये म्हणून मायाळू हाताने घातलेल्या याच पाण्याने बरेच फर्न गेलेले मी पाहिलेत.

किती आणि कधी? बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी नाही. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी लवकर, असं साधारण बसतं. दुपारी मुळांना पाणी देण्याऐवजी वाफ्याभोवतीची जमीन, विटा आणि गोणपाट भिजवा. पानांवर जड पाण्याचे शिंतोडे रोज मारले तर चुन्याचे पांढरे डाग पडतात. पावसाचं किंवा एसीचं पाणी असेल तरच पानांवर मारा. फॉगर बसवू का असं बरेच जण विचारतात. जळगावकडे ठिबकचं सामान सहज मिळतं, म्हणून मोह होतो. पण फॉगरला धुकं करायला तीन-चार किलोचा दाब लागतो, आणि दहा मीटर उंचीच्या टाकीने जेमतेम एक किलो मिळतो. त्यासाठी वेगळा पंप लागेल, शिवाय जड पाण्याने त्याची भोकं बुजतात. दहा फुटांच्या पट्टीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. भिजलेलं गोणपाट आणि विटांची सच्छिद्र फरसबंदी हे काम पुरेसं करतात. वाफ्यात फर्नांमध्ये पसरट तोंडाचं, पाण्याने भरलेलं मातीचं मडकंही पुरून ठेवा. ते पाझरत राहतं.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. पान कडेने वाळतंय आणि माती ओली आहे, तर वारा आणि कोरडी हवा. फक्त टोकं तपकिरी आहेत तर क्षार. मधोमध भाजल्यासारखे चट्टे असतील तर ऊन. सगळं झाड पिवळं, बुडाला मऊ आणि ओढलं की हातात येतं, तर मुळं गुदमरली आहेत. पान फिकं पिवळं पण शिरा हिरव्या, तर केवडा, म्हणजे लोह मिळत नाही. तुमच्याकडे पहिला आणि चौथा प्रकार एकामागून एक झालेला आहे.

केवड्याला खत घालून उपयोग नसतो. आपल्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो, लोह असूनही झाडाला घेता येत नाही. दुकानात चिलेटेड आयर्न मागताना डब्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का बघा. ‘ईडीटीए’वालं स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. फवारणीला ते चालतं, जमिनीतून द्यायला नाही. बाकी खत फर्नला थोडंच लागतं. जुलै ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने, माती ओली असताना. उन्हाळ्यात अजिबात नको.

पावसाळ्यात गोगलगायींवर लक्ष ठेवा, विशेषतः मोठी शंखी गोगलगाय. रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यात मीठ टाकू नका. गोगलगायीच्या विषारी गोळ्या घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर नकोच. पिठ्या ढेकूण दिसला तर ते पान कापून जाळा. फर्नला औषधं आणि तेलकट फवारे सोसत नाहीत. निंबोळी तेलसुद्धा आधी एका पानावर मारून चार दिवस थांबा.

आता आत्ता लावू का, याचं उत्तर. नको. नर्सरीत या दिवसांत येणारी रोपं बहुधा पुण्याकडच्या किंवा आंध्रातल्या कडियमच्या शेडमधून, दमट हवेत, सावलीत वाढून आलेली असतात. त्यांची पानं मऊ असतात, मुळं कुंडीपुरती. मार्चमध्ये लावलं तर रुजायच्या आत एप्रिल येतो. आत्तापासून जूनपर्यंत धुण्याचं पाणी वळवा, वाफा बांधून भरा, मिश्रण पाणी घालून बसू द्या, वाऱ्याची बाजू बंद करा, पाणी तपासून घ्या. शक्य झालं तर एक साधा थर्मामीटर-आर्द्रतामापक तिथे लटकवून मेमधल्या दुपारचे आकडे टिपा. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या वर राहत असेल तर तुमचा आडोसा पुरेसा झाला असं समजा.

मृगाचा पाऊस लागून उष्मा ओसरला की, साधारण जूनअखेर ते जुलै, रोपं लावा. दीड-दीड फुटांवर, गड्डा होता त्याच पातळीला, मधला कोंब मातीत न गाडता. आणलेली रोपं लावण्याआधी आठवडाभर त्याच जागी कुंडीतच राहू द्या. पहिल्या पावसाळ्यात ती पसरतील, ऑक्टोबरमध्ये वाफा भरलेला दिसेल. पुढच्या उन्हाळ्यात, सगळं करूनही, मेच्या एखाद्या वाईट आठवड्यात पानांच्या पाकळ्या गळून नुसत्या काड्या राहू शकतात. तेव्हा झाड मेलं समजून उपटू नका. वाळलेलं बुडापासून कापा, बोट घालून ओल तपासत पाणी बेताने चालू ठेवा, गाठींत जीव असतो. पहिल्या पावसानंतर गुंडाळलेले हिरवे कोंब वर येतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की मागच्या वेळी पानांच्या खाली तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसल्या, ती कीड होती का. ठिपके कडेजवळ सारख्या अंतरावर, ओळीत आणि फक्त पानाच्या खालच्या अंगाला असतील तर ती बीजाणूंची घरं आहेत, निरोगी नेच्याला येतातच. अस्ताव्यस्त, देठावरही चिकटलेले आणि नखाने खरवडले की निघून खाली ओलसर डाग दिसला, तर ती खवले कीड. पुढच्या वेळी फवारा उचलण्याआधी पान उलटून नखाने एकदा खरवडून बघा, आणि शंका वाटली तर खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.